वरळीचे वरचे मजले: घर घेण्याआधी राहून गेलेली चौकशी

वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधल्या रहिवाशांकडे कागद कमी नव्हते. करारनामे होते, सोसायट्या होत्या, विजेची बिलं होती, वर्षानुवर्षं भरलेल्या मालमत्ता कराच्या पावत्या होत्या. नव्हतं ते भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी: इमारत मंजुरीप्रमाणे बांधलीय आणि तिच्यात राहायला हरकत नाही, असा पालिकेचा दाखला. त्या एका कागदापायी जवळपास शंभर घरांवर हातोडा पडायची वेळ आली, तीही लोक पंचवीस-तीस वर्षं तिथे राहून झाल्यावर.

हे प्रकरण आपण टीव्हीवर पाहिलं ते बिल्डर, महापालिका आणि न्यायालय यांच्यातला तमाशा म्हणून. इथे ते दुसऱ्या बाजूनं पाहायचं आहे. आठ-नऊ मजले वर फ्लॅट घ्यायला निघालेल्या माणसाला सही करण्याआधी काय कळू शकत होतं, आणि आज तशाच ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाला काय कळू शकतं? माझ्या मते उत्तर एकच आहे. ज्यांनी परवानगी गृहीत धरली त्यांच्याकडे चौकशी करून भागत नाही, ज्यांनी ती द्यायची असते त्यांच्याकडेच जावं लागतं.

आधी जागेची गोष्ट. ही जमीन मुंबई महापालिकेची. १९५५ साली ती प्युअर ड्रिंक्स या कंपनीला भाडेपट्ट्यानं दिली गेली. भारतात कोका-कोला आणणारी ही कंपनी. १९७७ साली कोका-कोला देशातून गेल्यावर तिनंच कॅम्पा कोला बाजारात आणला, त्यामुळे पुढे घरं उठली तरी कंपाउंडला नाव शीतपेयाचंच राहिलं. १९८० साली या औद्योगिक जागेवर निवासी बांधकामाला वाट मिळाली, कंपनीनं ते काम बिल्डरांकडे सोपवलं आणि १९८१ ते १९८९ या काळात सात इमारती उभ्या राहिल्या. मंजुरी होती पाच मजल्यांच्या आसपासची. प्रत्यक्षात ऑर्किड सतरा मजल्यांपर्यंत गेली आणि मिडटाउन वीस.

वाढीव मजल्यांचे नकाशे पालिकेकडे सादर झाले होते, पण मंजूर झाले नव्हते. नोव्हेंबर १९८४ मध्ये पालिकेनं काम थांबवण्याची नोटीस दिली. काम थांबलं नाही. पालिकेनंही नोटिशीपुढे जाऊन काही केलं नाही, आणि हा दोष तिच्या माथ्यावरून कुणी पुसू शकणार नाही. नोटीस दिल्यानंतर पुढची पाच वर्षं वरळीसारख्या ठिकाणी मजल्यावर मजला चढत असताना तो पालिकेत कुणालाच दिसला नाही, यावर कोण विश्वास ठेवेल?

पण खरेदीदाराच्या तयारीचा विचार करायचा तर पालिकेचा दोष बाजूला ठेवावा लागतो, कारण तो आपल्या हातात नसतो. हातात काय होतं ते पाहू.

महाराष्ट्रात फ्लॅटखरेदीचा कायदा तेव्हाही होता. १९६३ चा, ज्याला सगळे मोफा म्हणतात तो. या कायद्यानुसार खरेदीदारानं मागणी केली की सात दिवसांच्या सूचनेनंतर बिल्डरनं त्याला मंजूर नकाशे दाखवलेच पाहिजेत. मंजूर हा शब्द कायद्यात आहे, नुसते नकाशे नव्हे. आणखी एक तरतूद आहे जी फारशी कुणी वाचत नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय बिल्डरनं ताबा देऊ नये हे तर त्यात आहेच, पण तोवर कुणीही ताबा घेऊ नये असंही कंसात म्हटलंय. म्हणजे १९६३ पासून कायद्यानं खरेदीदारालाही बांधून ठेवलेलं आहे. बिल्डरनं चावी दिली आणि आपण घेतली, यात दोघांचंही चुकतं.

मंजूर नकाशे पाहायला मागितले असते तर पाचव्या मजल्यापाशी ते संपले असते. त्यासाठी वकील लागला नसता की वास्तुविशारद, नुसते मजले मोजता आले असते तरी भागलं असतं.

त्याहून बोचरी गोष्ट पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आली. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायालयानं वाढीव बांधकाम नियमित करायला नकार दिला. सुधारित नकाशे मंजूर झालेले नाहीत याची खरेदीदारांना कल्पना होती, असं न्यायालयानं नोंदवलं, आणि त्यासाठी आधार घेतला तो त्यांच्याच करारनाम्यांचा. बेकायदा असल्याचं माहीत असताना घरांत राहायला आलात, आता सहानुभूतीच्या जोरावर नियमितीकरण मागू नका, अशा आशयाची ती भूमिका आहे. फ्लॅटधारकांनी आपलं नुकसान बिल्डर आणि मूळ भाडेपट्टेदाराकडून वसूल करावं, ती वाट त्यांना मोकळी ठेवली. पंचवीस-तीस वर्षांनी अशी वसुली करायची म्हणजे काय, हे ज्यानं दिवाणी दावा लढवलाय त्याला सांगायला नको.

मला त्या खरेदीदारांना मूर्ख म्हणायचं नाही. त्यांनी केलं ते आपण सगळेच करतो. इमारत उभी आहे, शेजारी लोक राहायला आलेत, त्यांत शिकलेसवरलेले आहेत, सोसायटी झालीय, लिफ्ट चालतेय. ‘नकाशे सादर केलेत, मंजुरी येईलच’ असं बिल्डरच्या कचेरीत कुणीतरी चहा पाजता पाजता सांगतं. मुंबईत असं होतंच, थोडा दंड भरून नियमित होतं, हेही कानावर असतं, आणि पुष्कळदा ते खरंही ठरलेलं असतं. इतक्या लोकांनी घेतलंय म्हणजे कुणीतरी तपासलं असेलच, असं प्रत्येकजण धरून चालतो. प्रत्येकानं तसंच धरल्यामुळे तपासणारा कुणीच उरत नाही.

खूण मात्र रोज दारात येत होती. पाणी. ओसी नसल्यानं या इमारतींना पालिकेची नळजोडणी मिळाली नाही आणि रहिवासी वर्षानुवर्षं टँकरवर राहिले. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या महागड्या वस्तीत टँकर का येतो, हा प्रश्न फ्लॅट पाहायला आलेल्या माणसानं वॉचमनला विचारला असता तरी पुष्कळ उलगडा झाला असता. शेवटी पाण्याच्या मागणीवरूनच प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचलं आणि त्यातून मंजुरीचा प्रश्न ऐरणीवर आला. २००५ साली पालिकेच्या नोटिसा निघाल्या, मग दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. (आज ही खूण तितकी भरवशाची राहिलेली नाही. ओसी नसलेल्या इमारतींनाही पाणी देण्याचं धोरण पालिकेनं आणलंय. माणुसकीच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, पण नळाला पाणी आहे म्हणून इमारत कायदेशीर, असा अर्थ त्यातून कुणी काढू नये.)

पुढचं बहुतेकांना आठवत असेल. १३ नोव्हेंबर २०१३ ला पालिकेचा बुलडोझर कंपाउंडचं फाटक तोडून आत शिरला, टीव्हीवर ती दृश्यं पाहून सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून कारवाई थांबवली आणि पुढे ३१ मे २०१४ पर्यंत मुदत मिळाली. जूनमध्ये रहिवाशांनी पुन्हा फाटक अडवलं, तत्कालीन मुख्यमंत्र्यांना भेटले आणि मग मागे हटले. वरच्या घरांची वीज आणि गॅस तोडायला सुरुवात झाली. त्या गर्दीत निवृत्तीचे सगळे पैसे त्या फ्लॅटमध्ये घातलेली म्हातारी माणसं होती. न्यायालयाचा निकाल बरोबर होता असं मला वाटतं, आणि तरी ती दृश्यं पाहवत नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता आजच्या खरेदीदाराकडे येऊ.

आपल्याकडे घराची तयारी म्हणजे पैशांची तयारी, आणि तीही बहुतेकदा अपुरी. मुंबईत एक कोटीचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरच्या कर्जाला किमतीच्या ७५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे २५ लाख पदरचे. मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह सहा टक्के, म्हणजे ६ लाख. घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. नोंदणी शुल्क ३० हजार. जीएसटी पाच टक्के, ५ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी कर्जाच्या हिशोबात धरत नाहीत, म्हणून ‘२५ लाख जमलेत’ म्हणणाऱ्याला खरं तर ३६ लाखांहून अधिक लागतात. ५० लाख किंवा त्यापुढच्या व्यवहारात विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायची जबाबदारीही खरेदीदाराचीच; ती विसरली की नोटीस त्यालाच येते. हा हिशोब कुठल्याही बँकेच्या शाखेत कुणीही करून देईल, म्हणून त्यात जास्त गुंतत नाही. मला खटकतं ते एवढंच, की या ३६ लाखांच्या यादीत आपल्या स्वतःच्या वकिलाची फी कुणी धरत नाही. ती काही हजारांत भागते, आणि मॉड्युलर किचनच्या बिजागरांवरही लोक त्याहून जास्त खर्च करतात.

‘बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद साफ’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. बँक तपासते ती स्वतःच्या पैशांसाठी. तिनं नकार दिला तर तो फुकटात मिळालेला इशारा समजावा, पण तिचा होकार हा आपल्यासाठी दिलेला दाखला नसतो. तीच गोष्ट नोंदणीची. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला जातो, शुल्क भरलं जातं, इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) मिळतो. इमारतीला परवानगी होती की नाही हे ठरवणं हे त्या कार्यालयाचं कामच नाही. मालमत्ता कराचंही तसंच. पालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते आणि त्या पावतीनं बांधकाम अधिकृत होत नाही. कॅम्पा कोलाच्या रहिवाशांनी पावत्या जपून ठेवल्या होत्या, आणि त्यांचा न्यायालयात उपयोग झाला नाही.

मग रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा? २०१६ चा हा कायदा आणि १ मे २०१७ पासून सुरू झालेलं महारेरा हे राज्याचं प्राधिकरण यांनी खूप काही बदललं, हे मान्यच करायला हवं. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, क्षेत्रफळ कार्पेटमध्येच सांगावं लागतं, दोन-तृतीयांश खरेदीदारांच्या संमतीशिवाय इमारतीचे मंजूर नकाशे बदलता येत नाहीत. पण महारेराकडे नोंदणी व्हायची ती बिल्डरनं जोडलेल्या कागदांच्या आधारावर, आणि ते कागदच खोटे असले तर काय होतं हे कल्याण-डोंबिवलीनं दाखवून दिलं. तिथल्या ६५ इमारतींना महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा क्रमांक मिळवले गेले होते. त्या क्रमांकाकडे पाहून लोकांनी घरं घेतली, अनेकांना बँकांनी गृहकर्जंही दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या इमारती पाडण्याचा आदेश दिला.

वरळी आणि डोंबिवली शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या की फरक ठळक दिसतो. वरळीत कागद खरा होता, तो वाचला गेला नाही. डोंबिवलीत कागद वाचला गेला, पण तो खोटा होता. डोंबिवलीच्या खरेदीदारानं सर्वसाधारण शहाण्या माणसानं करावं ते सगळं केलं होतं. पाहिला नाही तो एकच कागद, परवानगीचा मूळ कागद पालिकेच्या दप्तरात आहे का. प्रत्येक पुढची संस्था मागच्या संस्थेवर विसंबून होती: बँक महारेरावर, महारेरा बिल्डरच्या कागदांवर, खरेदीदार दोघांवर. साखळीच्या सुरुवातीला नगररचना विभाग होता आणि तिथे त्या फाइली नव्हत्याच.

म्हणून माझा आग्रह असा, की टोकन देण्याआधीची पहिली फेरी सॅम्पल फ्लॅटकडे नाही, नियोजन प्राधिकरणाकडे मारावी. मुंबईत पालिकेचा इमारत प्रस्ताव विभाग, इतर शहरांत नगररचना विभाग. काही ठिकाणी फाइल क्रमांक टाकून संकेतस्थळावरच आयओडी (नकाशांना मिळालेली अटींसह मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) आणि ओसी दिसतात. दिसत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘तीस दिवस थांबलो तर फ्लॅट जाईल’ असं ब्रोकर म्हणेल. जाऊ दे. मुंबईत फ्लॅटचा दुष्काळ कधी पडलेला नाही, आणि घाई करणाऱ्याला घाई का आहे हे शोधण्यातच निम्मी तपासणी होते.

सीसी हाती आली की तिच्यात एकच गोष्ट शोधावी: कितव्या मजल्यापर्यंत. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र बहुधा एकदम पूर्ण इमारतीचं मिळत नाही. आधी जोत्यापर्यंत, मग पुढच्या मजल्यांसाठी शेरे वाढत जातात. आपण बाराव्या मजल्याचं घर घेत असू आणि सीसी दहाव्यापर्यंतच असेल, तर आपण घेतोय ते घर कागदावर अजून अस्तित्वात नाही. बिल्डर म्हणेल टीडीआर येतोय, फंजिबल एफएसआय येतोय (दोन्ही म्हणजे जादा बांधकामाचे हक्क), पुढची सीसी पुढच्या महिन्यात. येईलही. १९८३ साली सुधारित नकाशेही येणारच होते. मिळाल्यावर बोलू, असं म्हणून उठायला काही लागत नाही.

तयार इमारतीत हाच प्रश्न ओसीला विचारायचा. ‘पार्ट ओसी आहे’ हे उत्तर ऐकून समाधान मानू नये. कोणती विंग, कोणते मजले हे त्या कागदावर लिहिलेलं असतं आणि त्यात आपला मजला असायला हवा. एकाच इमारतीत खालचे मजले अधिकृत आणि वरचे अनधिकृत असू शकतात, कॅम्पा कोलात तेच झालं. जाता जाता, ओसीनंतर विकलेल्या घरावर जीएसटी लागत नाही. त्यामुळे ‘तयार घर’ म्हणून विकणारा बिल्डर जीएसटी मागत असेल तर ओसी आलेली नाही, हे त्याच्या बिलातूनच कळतं. इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

जुन्या इमारतीतलं पुनर्विक्रीचं घर घेणाऱ्यानं जास्त सावध राहायला हवं. ती इमारत महारेराकडे नोंदलेलीच नसते, विकणारा बिल्डर नसून आपल्यासारखाच एक माणूस असतो, त्यालाही ओसीबद्दल कधी कुणी विचारलेलं नसतं. तो खोटं बोलत नाही, त्याला माहीतच नसतं. सोसायटीच्या कपाटात ओसीची प्रत आहे का, जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, जमीन भाडेपट्ट्याची असेल तर मुदत किती उरलीय, हे सेक्रेटरीला विचारावं. वरळीची जमीन पालिकेच्या भाडेपट्ट्याची होती, हेही आधी कळू शकलं असतं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांच्या नोंदींची तपासणी) आणि मालमत्ता पत्रक पाहिलं की मालकीचं चित्र स्पष्ट होतं, पण त्यात मंजूर मजल्यांचा उल्लेख नसतो. मालकी साफ आणि बांधकाम बेकायदा, असं जोडीनं असू शकतं. अनेक वकील सर्च देऊन मोकळे होतात. मंजुरीच्या कागदांवरचं मत वेगळं मागून घ्यावं लागतं, लेखी.

आणि करारनामा वाचायचा तर तो नोंदणीच्या दिवशी निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसून वाचून होत नाही. मसुदा आठवडाभर आधी मागावा. किंमत, क्षेत्रफळ, पार्किंग ही पानं आपण वाचतोच. वाचायची ती ‘ज्याअर्थी’नं सुरू होणारी सुरुवातीची पानं, जी सगळे उलटून टाकतात. कोणते नकाशे कोणत्या तारखेला मंजूर झाले, काय मंजूर व्हायचं बाकी आहे, कशाची खरेदीदाराला कल्पना देण्यात आली आहे, हे तिथे असतं. ‘खरेदीदारास याची पूर्ण जाणीव आहे’ अशा थाटाचं वाक्य दिसलं की थांबावं. बिल्डरच्या वकिलानं ते उगाच घातलेलं नसतं. उद्या न्यायालयात ते आपल्याच विरुद्ध वाचलं जातं, आणि वरळीच्या निकालात करारनामे तसेच वाचले गेले.

टोकनची पावती लोक रकमेपुरती घेतात. तिच्यावर विक्रेत्याकडून एक ओळ लिहून घेता येते: अमुक मजल्यापर्यंतची सीसी किंवा अमुक मजल्याची ओसी पालिकेच्या नोंदीशी पडताळून जुळली नाही, तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. सरळ विक्रेता लगेच सही करतो. जो कां-कूं करतो, त्याच्याशी पुढे बोलण्याआधी इमारत प्रस्ताव विभागातली ती फाइल डोळ्यांनी पाहून यावी.